हे अजून चालू आहे का?

मुक्त सॉफ्टवेअरचा एखादा प्रकल्प बंद पडलाय हे ओळखायची खूण सोपी आहे. त्याच्या पानावर 'हा प्रकल्प अजून चालू आहे का?' असा प्रश्न कोणीतरी टाकलेला असतो आणि मालक सोडून बाकी सगळ्या गावाने त्याला उत्तर दिलेलं असतं. पहिला म्हणतो, 'मीही हेच विचारायला आलो होतो.' दुसरा नुसतं '+१' करून जातो. तिसरा वर्षभराने उगवतो आणि 'काही कळलं का?' विचारतो. चौथ्याला मूळ प्रश्नकर्त्याची दया येते; तो त्याचीच ख्यालीखुशाली विचारतो. त्यावर प्रश्नकर्ता कळवतो, 'मी कधीच दुसरं काहीतरी वापरायला लागलो. तुम्ही लोक अजून इथेच?' इतक्या आपुलकीच्या गप्पा रंगलेल्या असताना प्रकल्प मेला, असं म्हणणार कोण?

ज्यांचा या प्रांताशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कोणीतरी रात्री जागून लिहिलेला आणि कोणीही फुकट घ्यावा, वापरावा, बदलावा म्हणून उघड्यावर ठेवलेला प्रोग्रॅम. 'आहे तसा घ्या, हमी कसलीही नाही,' हे त्याच्या परवान्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. मोठ्या अक्षरांत असल्यामुळे ते कोणी वाचत नाही.

पुण्यात आमचं असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण नावाचा वाद अजून मिटलेला नाही. सुरुवातीच्या उत्साहात आम्ही भराभर प्रकल्प काढले. पीएमटीच्या बसचं वेळापत्रक दाखवणारा प्रोग्रॅम काढला. तो अर्धा होईतो २००७ साली पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमाच्या स्क्रॅपबुकात मराठी टाइप करायचं, फायरफॉक्स ब्राउझरवर चढवायचं ॲड-ऑन काढलं. माझ्या स्वतःच्या नावावर रोज सकाळी एक सुविचार दाखवणारा प्रोग्रॅम आहे. तो उत्तम चालतो, फक्त त्यात सुविचार भरायचे राहिलेत. रोज सकाळी ठरल्या वेळी तो एक रिकामी चौकट दाखवतो. काही लोकांना ते फार खोल वाटतं.

या सगळ्यात खरा उपयोगी असा एकच प्रकल्प होता, फॉन्ट बदलण्याचा. कृतिदेव, श्रीलिपी अशा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणून देणारा. महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्थांचे जुने अहवाल अशा फॉन्टांत अडकलेत. त्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर, त्यामुळे नुसतं अक्षराला अक्षर ठेवून भागत नाही. वेलांटी उचलून मागे न्यावी लागते, रफार पुढे आणावा लागतो. आमचा प्रोग्रॅम वेलांटी बरोबर न्यायचा. रफाराच्या बाबतीत त्याचं मन चंचल होतं.

त्यावरून एका तालुक्याच्या गावच्या ग्रंथपालांची तक्रार आली होती. 'आपल्या प्रणालीतून काढलेल्या आमच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेत सर्व मागर्दशर्कांचे आभार मानले गेले आहेत. कृपया तातडीने पाहावे.' ही तक्रार आम्ही तातडीने पाहिली. पाहून पुढे गेलो.

शेवटी या रखडलेल्या प्रकल्पांचं एकदा काय ते ठरवा म्हणून रविवारी सकाळी दहाला सभा बोलावली. सभा साडेदहाला सुरू झाली. अध्यक्ष होते. हिंजवडीत नोकरी करणारे सचिव होते. बँकेतून निवृत्त झालेले काका होते, ऑर्कुटचं ॲड-ऑन त्यांचं. न्यू जर्सीचा सभासद मध्यरात्री डोळे चोळत पडद्यावर आला होता. आणि एक कॉलेजातली मुलगी होती, जिला सगळे 'बेटा' म्हणतात आणि सगळी कामं देतात. इतिवृत्त लिहायला मी.

सचिव तयारी करून आले होते. "पायथनवाल्यांनी पेप ५४१ म्हणून नियमच केलाय," ते म्हणाले. "मालकाशी संपर्क होत नाही, बारा महिन्यांत नवी आवृत्ती नाही आणि मालकाची इतर कसली हालचाल नाही, तर प्रकल्प टाकून दिलेला समजायचा. संपर्काचा प्रयत्न निदान तीनदा करायचा. सहा आठवडे झाले की नाद सोडायचा."

"सहाच आठवडे?" अध्यक्ष म्हणाले. "आपल्याकडे मागच्या सभेचं इतिवृत्त यायला त्याहून जास्त लागतात."

मी चष्मा पुसायला घेतला.

"हालचाल म्हणजे नेमकं काय?" काकांनी विचारलं. बँकेतला माणूस, व्याख्या पक्की झाल्याशिवाय सही करत नाही. "माझ्या ॲड-ऑनमध्ये २०२०च्या जानेवारीत बदल झालाय. आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा."

बेटाने ते दोन्ही बदल पडद्यावर उघडले. जानेवारीत काकांनी माहितीपानावर एक स्वल्पविराम घातला होता. ऑक्टोबरात कोण्या अनोळखी मुलाने प्रकल्पाच्या नावापुढे 'एक अप्रतिम प्रकल्प' हे शब्द जोडले होते. त्या महिन्यात मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावायचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा उत्सव असतो. तेव्हा त्यात चार पुल रिक्वेस्टी केल्या, म्हणजे दुसऱ्यांच्या प्रकल्पांत चार बदल सुचवले, की टी-शर्ट मिळायचा, आणि २०२०च्या ऑक्टोबरात टी-शर्टासाठी जगभर माहितीपानांवर अशी विशेषणांची लयलूट झाली होती; शेवटी आयोजकांना महिना सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच नियम बदलावे लागले. इतर मालक चिडून विशेषणं परत पाठवत होते. काकांनी ते ताबडतोब स्वीकारून मुलाला 'धन्यवाद, असाच लोभ असावा' असं कळवलं होतं.

"पण काका," बेटा म्हणाली, "ऑर्कुट २०१४लाच बंद झालं."

"ते ऑर्कुटचं. माझं ॲड-ऑन चालू आहे."

"२०१७मध्ये फायरफॉक्स ५७ आलं तेव्हा जुन्या पद्धतीची सगळी ॲड-ऑन बंद झाली. ते चढवताच येत नाही."

"चढवता येत नाही म्हणून त्यात एकही चूक सापडलेली नाही," काका म्हणाले. "बंद पडणं वेगळं आणि पूर्ण होणं वेगळं. त्या क्नूथसाहेबांचं बघा."

हे मात्र काका चुकीचं बोलत नव्हते. डोनाल्ड क्नूथ यांनी छपाईची अक्षरजुळणी करणारं 'टेक' लिहिलं, आणि त्यात नवीन काही घालणं कधीच थांबवलं. चूक सापडली तर तेवढी दुरुस्त करतात आणि आवृत्तीच्या आकड्यात पायचा आणखी एक अंक वाढवतात. २०२१ साली तो आकडा ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मरणानंतर आवृत्ती थेट पाय करावी आणि उरलेल्या चुका हे सॉफ्टवेअरचे गुण समजावेत, अशी त्यांनी लिहून सोय केलीय. जगभरचे गणिती आपले शोधनिबंध त्यावर छापतात. तेव्हा हात लागला नाही म्हणजे मेलं, हा हिशेब चुकीचा. काही कामं खरोखर संपतात. फक्त क्नूथ यांचं काम आणि काकांचं ऑर्कुट यांत थोडा फरक आहे, आणि तो काकांना सांगायची जबाबदारी अध्यक्षांनी बेटावर सोपवली.

तेवढ्यात सचिवांनी सगळ्या प्रकल्पांच्या सक्रियतेचा आलेख लावला, आणि सभा अवाक झाली. फॉन्ट बदलणारा प्रकल्प, ज्याला कित्येक वर्षांत कोणी हात लावला नव्हता, तो सगळ्यांत वर होता. दर दोन महिन्यांनी हालचाल, एकदाही खंड नाही.

उलगडा असा झाला. आमचे प्रकल्प जिथे ठेवलेत त्या गिटहबवर सचिवांनी पूर्वी एकदा 'स्टेल' नावाचा बॉट बसवला होता. साठ दिवस एखाद्या तक्रारीवर कोणी बोललं नाही की बॉट तिच्यावर शिळी असल्याचा शिक्का मारतो, आणखी सात दिवस गप्प गेले की बंद करून टाकतो. ग्रंथपालांची तक्रार साठाव्या दिवशी शिळी ठरली. चूक ताजीच होती. ग्रंथपालांनी लिहिलं, 'नमस्कार. स्मरण असावे.' तक्रार पुन्हा जिवंत झाली. साठ दिवसांनी पुन्हा शिक्का. पुन्हा नमस्कार. मध्ये एका दिवाळीत त्यांनी बॉटला शुभेच्छाही दिल्या होत्या. मग एकदा, 'आपण वेळोवेळी दखल घेता याबद्दल संस्था आपली ऋणी आहे. अद्याप मागर्दशर्कच येत आहे.' आमच्या मंडळाचा बाहेरच्या जगाशी इतका नियमित पत्रव्यवहार दुसरा कुठलाच नव्हता, आणि तो एक यंत्र करत होतं.

"म्हणजे हा सक्रिय धरायचा का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नियमाने हो," सचिव म्हणाले.

मग दुरुस्ती कोण करणार यावर चर्चा सुरू झाली. म्हणजे सगळे बेटाकडे बघायला लागले. तिने सांगितलं, रफार मी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करते, पण नवी आवृत्ती बाहेर काढायची किल्ली मूळ लेखकाकडे आहे. मूळ लेखक कुठे आहे? त्याचा ईमेल कॉलेजच्या पत्त्यावरचा. पाठवलेलं पत्र परत आलं. डेबियन लिनक्सवाल्यांकडे असे गायब झालेले लोक हुडकायला एक वेगळं पथकच असतं. आमच्याकडे अध्यक्ष होते. त्यांनी जुनी वही काढून मुलाच्या आईला फोन लावला.

"तो होय? तो आता कॉम्प्युटरला हात लावत नाही," आई म्हणाली. "देवगडला बाग बघतो. पेटी हवी असेल तर आत्ताच सांगून ठेवा."

किल्ली मिळाली नाही. मंडळाने पाच पेट्या नोंदवल्या.

सांभाळणारा कोणीच मिळाला नाही तर काय, याच्या रीती ज्याच्या त्याच्या वेगळ्या. डेबियनमध्ये असं पॅकेज रीतसर अनाथ म्हणून जाहीर करतात, मग ज्याला हवं तो दत्तक घेतो. अपाची फाउंडेशनने २००८ साली थकलेल्या प्रकल्पांसाठी एक माळाच काढला, नावही 'ॲटिक'. लिनक्सच्या गाभ्यात कुठला भाग कोण सांभाळतं याची एक लांबलचक फाइल असते. त्यात 'सांभाळलेला', 'अनाथ', 'कालबाह्य' अशा पायऱ्यांमध्ये एक पायरी आहे 'ऑड फिक्सेस'. म्हणजे मालक आहे, पण त्याला फारसा वेळ नाही. अधूनमधून काही केलं तर केलं. सचिवांनी ही पायरी वाचून दाखवल्याबरोबर मंडळातल्या एकूण एक सभासदाने आपापला प्रकल्प तिच्यात नोंदवायला सांगितला. अध्यक्षांनी तर अध्यक्षपदही.

"पुसूनच टाकू या ना सगळं," न्यू जर्सीचा सभासद जांभई देत म्हणाला. तिकडे रात्रीचा एक वाजत आला होता.

पण पुसणंही सोपं नसतं. २०१६च्या मार्चमध्ये एका प्रोग्रॅमरने नावाच्या भांडणावरून चिडून एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक कोठारातले आपले सगळे प्रकल्प काढून घेतले. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा अकरा ओळींचा एक तुकडा होता, शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायचा. एवढंच काम. त्या अकरा ओळींच्या खांद्यावर बॅबेल नावाचं जगभर वापरलं जाणारं साधन उभं होतं, आणखी हजारो प्रकल्प उभे होते. सगळ्यांची बांधणी एका झटक्यात कोसळली. काही तासांत तो तुकडा परत जागेवर ठेवावा लागला आणि पुढे 'वाटेल तेव्हा काढून घेता येणार नाही' असा नियम झाला. हे ऐकून मी माझ्या सुविचारांच्या प्रोग्रॅमकडे नव्या आदराने पाहिलं. न जाणो, एखादी बँक त्या रिकाम्या चौकटीवर उभी असेल.

आणि तेव्हाच सचिवांना ईमेल आला. कोणी अनोळखी माणूस लिहीत होता, की फॉन्ट बदलणारा तुमचा प्रकल्प मला फार आवडतो, सांभाळायला माझ्याकडे द्या.

"देऊन टाका," अध्यक्ष म्हणाले. "देव पावला."

"मुलगा सालस दिसतो," काका म्हणाले. "प्रत्येक वाक्यात 'सर' आहे."

न्यू जर्सीचा सभासद खाडकन जागा झाला. २०१८मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम'च्या मालकाने नेमकं हेच केलं होतं. स्वतः वापरत नव्हता, पैसे मिळत नव्हते. एकाने पत्र पाठवून मागितलं, त्याने देऊन टाकलं. नव्या मालकाने त्यात बिटकॉइनची पाकिटं मारणारा कोड घुसवला. एक्सझेडची गोष्ट त्याहून भारी. तो दाब देऊन फाइल लहान करणारा प्रोग्रॅम जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो आणि सांभाळणारा होता एकटा, थकलेला. 'जिया टॅन' नावाने कोणीतरी आलं, दोन वर्षांहून जास्त काळ निमूटपणे चांगलं काम केलं. मधल्या काळात भलत्याच नावांनी लोक मालकाला टोचत राहिले, की तुम्हाला जमत नाही, दुसऱ्याला द्या. शेवटी हक्क मिळाले आणि २०२४मध्ये त्याने चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, कारण दूरच्या संगणकात शिरायला त्याला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता.

"अर्धा सेकंद?" काकांनी विचारलं. "आमच्या बँकेत कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं."

सभेत थोडा वेळ शांतता पसरली. मग अध्यक्ष म्हणाले, "तो 'चालू आहे का' विचारणारा पण असलाच कोणी असेल का हो?" ग्रंथपालांवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली. बेटाने समजावलं, की चोर इतकी वर्षं रफाराची वाट बघत बसणार नाही.

आता उरला एकच मार्ग. गिटहबवर 'अर्काइव्ह'चं बटण आहे. ते दाबलं की प्रकल्प वाचायला खुला राहतो, ज्याला हवी त्याला प्रत काढून घेता येते, पण नवी तक्रार, नवा बदल, काही म्हणता काही होत नाही. बटण दाबण्याआधी 'परिणाम समजले' असं कबूल करून घेतात. काकांना परिणाम समजले होते, म्हणूनच ते दाबत नव्हते.

"माझं ॲड-ऑन आर्क्टिकमध्ये आहे," त्यांनी शेवटचा हुकमी पत्ता टाकला.

काकांचा त्या दिवशी उपास होता; आम्हाला वाटलं, त्यामुळे होत असेल. पण खरंच होतं. २ फेब्रुवारी २०२० या दिवशी गिटहबने आपल्याकडच्या खुल्या प्रकल्पांची प्रत काढली, २१ टेराबाइट भरली, ती १८६ फिल्मच्या रिळांवर उतरवली आणि नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या एका बंद कोळशाच्या खाणीत हजार वर्षांसाठी नेऊन ठेवली. कोणाला घ्यायचं याचे निकष होते. अलीकडे काही काम झालेले प्रकल्प आत गेले. काकांनी जानेवारीत स्वल्पविराम घातला होता. त्या एका स्वल्पविरामावर ऑर्कुटचं ॲड-ऑन उत्तर ध्रुवाच्या वाटेवरच्या बर्फात जाऊन बसलं. काकांच्या प्रोफाइलवर त्याचा बिल्ला आहे. हजार वर्षांनी कोणी ती खाण उघडली, तर एकविसाव्या शतकात मानवाला स्क्रॅपबुकात मराठी लिहायची किती निकड होती हे त्याला कळेल.

"मग तर काळजीच मिटली," बेटा म्हणाली. "प्रत बर्फात सुरक्षित आहे. इथली बंद केली तर काय बिघडतं? आणि काका, अर्काइव्ह केलेलं पुन्हा उघडताही येतं."

"उघडता येतं?" काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे ही संजीवन समाधी म्हणायची." पाटीचा मजकूर आपण स्वतः लिहिणार, एवढ्या अटीवर ते तयार झाले. पेठेत जन्म गेलेला माणूस. पाटी लिहायची म्हटल्यावर दुःख कुठच्या कुठे पळालं. माहितीपानावर आता असं आहे:

'हा प्रकल्प बंद आहे. ऑर्कुट बंद पडल्यास आमचा इलाज नाही. कोड खुला आहे, पाहून झाल्यावर होता तसा ठेवावा. चालू आहे का, असे विचारू नये. पहिले वाक्य पुन्हा वाचावे. स्वल्पविराम मालकाचा आहे.'

मंडळाच्या इतिहासात इतकं स्पष्ट माहितीपान दुसरं नाही. बाकी सगळी 'लवकरच' या शब्दावर संपतात. त्यातली बरीचशी मीच लिहिली आहेत. माझ्या मते प्रकल्प सुरू करायला कोणीही चालतं, बंद आहे असं लिहायला काकाच लागतात.

फॉन्ट बदलणारा प्रकल्प मात्र बंद करायचा नाही असं ठरलं. बेटाने त्याच संध्याकाळी रफार जागेवर आणला आणि मूळ लेखकाची वाट न बघता प्रत काढून नव्या नावाने ठेवली. नाव काय ठेवायचं यावर वाद चालू आहे. ग्रंथपालांना पहिल्यांदाच माणसाने उत्तर पाठवलं. त्यांचा उलट निरोप आला, की स्मरणिकेची दुसरी आवृत्ती लगेच काढत आहोत, पूर्वी उत्तर देणारे आपले ते नियमित सहकारी कुठे गेले?

तेव्हा वाचकांपैकी कोणाला हे काम सांभाळायचं असेल तर त्यांनी रविवारी सकाळी दहाला यावं. किल्ली पहिल्या दिवशी मिळणार नाही. एक्सझेडवाला दोन वर्षं खपला होता, म्हणून आपण उमेदवारी तीन वर्षांची ठेवावी असं काकांचं म्हणणं आहे. प्रत्येक वाक्यात 'सर' म्हणणाऱ्यांची कसून चौकशी होईल. येताना नवीन प्रकल्प सुचवू नयेत.